सामाईक सेटिंग

दोन अक्षरं दाबून तिने एंटर मारलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, अशी कमांड नाही. बोट घसरलं असेल असं तिला वाटलं. ऑफिसातली सकाळची वेळ, चहाचा कप अजून तोंडाला लागलेला नाही, अशा वेळी बोटं घसरतात. तिने पुन्हा दाबली, ह्या वेळी नीट बघून, एकेक. अशी कमांड नाही. ही दोन अक्षरं ती लग्न झाल्यापासून रोज सकाळी दाबत आली होती. ती दाबली की आदल्या दिवशीचं काम जिथे टाकून उठलो तिथेच उघडायचं, आणि मग दिवस सुरू व्हायचा. मग तिच्या लक्षात आलं की पडद्याचा रंगसुद्धा आपला नाही. तो गडद निळा रंग आणि त्यावरची पिवळी अक्षरं कुठल्या कुठे गेली होती. त्या जागी काळा ठिक्कर पडदा आणि करडी, बारकी अक्षरं, दुकानातून नव्याने आणलेल्या कॉम्प्युटरला असतात तशी. "हे नेटवर्कवाले!" ती मोठ्याने म्हणाली. "जरा कुठे कुणाचं बरं चाललेलं दिसलं की ह्यांच्या पोटात दुखतं." पण नेटवर्कवाल्यांचा ह्यात हात नव्हता, आणि हे तिला बोलता बोलताच कळत होतं, कारण तिच्या सेटिंगपर्यंत त्यांना पोचताच येत नसे. तिथपर्यंत पोचू शकणारी माणसं जगात दोनच. एक ती, आणि दुसरा तिचा नवरा, जो वर्षापूर्वी गेला.

आता हे सेटिंग म्हणजे काय, तर प्रोग्रामर माणसाचा निम्मा स्वभावच म्हणायचा. कुठली कळ दाबली की काय व्हावं, अक्षरं केवढी असावीत, कुठल्या लांबलचक कमांडला कुठलं आखूड नाव द्यावं, असल्या बारीकसारीक सवयी तो वर्षानुवर्षं फायलींत लिहून ठेवतो. कॉम्प्युटर एकच असेल तर ठीक. ऑफिसात एक, घरी एक, पिशवीत एक असे झाले की घोळ सुरू होतो. इथे केलेली सुधारणा तिथे नसते, आणि बोटं मात्र तिथेही तेच दाबायला जातात नि तोंडघशी पडतात. म्हणून मग शहाणी माणसं ह्या फायली एका सामाईक ठिकाणी ठेवतात. कॉम्प्युटर चालू झाला की आपणहून तिथलं नवं उचलतो, आपलं नवं तिथे टाकतो, आणि सगळीकडे सारखं होऊन जातं. तिचा नवराही प्रोग्रामर. लग्न झाल्यावर लोक बँकेत एकत्र खातं उघडतात, ह्या दोघांनी सेटिंगची फाइल एक केली. कल्पना त्याची. "कुणीही कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसावं, परकं वाटता कामा नये," तो म्हणाला होता, आणि तिला ते इतकं आवडलं की तिने मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं. बाई गं, मैत्रिणी म्हणाल्या, त्यापेक्षा फुलं आणली असती तर आम्हाला कळलं तरी असतं! कॉम्प्युटरांना नावं दिली. ऑफिसातला थोरला, घरातला मधला, तिच्या पिशवीतला धाकटा, आणि त्याचा लॅपटॉप सगळ्यांच्या मागून घरात आला म्हणून पाहुणा. प्रत्येक बदलाबरोबर एका ओळीची टीप द्यायची असते, काय केलं त्याची. तो तिथे खोड्या काढायचा. 'अक्षरं मोठी केली, म्हातारपण आलं.' 'ही कळ बदलली आहे, भांडायचं असेल तर संध्याकाळी.' ती ऑफिसात बसून एकटीच हसायची, आणि संध्याकाळी भांडायची राहून जायची.

तिने बदलांची नोंद उघडली. वर्षभर तिथे नवं काही नव्हतं. तो गेल्यापासून तिने त्या फायलींना हात लावला नव्हता. गेलेल्या माणसाचं कपाट आवरायला हात उठत नाही, तसं. तीच निळी पाटी, तीच पिवळी अक्षरं, त्याच्या आवडीचा तो टिमटिमणारा कर्सर, सगळं त्याने ठेवलं तसं. आणि आज सगळ्यात वर एक नवी ओळ होती. पाठवणारा: पाहुणा. टीप: वेगळं केलं. त्या क्षणी तिच्या मनात जो विचार आला तो कुणाला सांगण्यासारखा नाही, पण आला. आहे! कुठेतरी आहे, बसलाय, टाइप करतोय. शिकलीसवरलेली बाई, पण क्षणभर तिने खरोखर दाराकडे बघितलं. मग तारीख दिसली. लिहिल्याची तारीख तो गेला त्याच रविवारची, पोचल्याची कालची. बदल लिहिला की तो आधी त्याच लॅपटॉपमध्ये बसून राहतो, नेट मिळालं की मग निघतो, हे ती नव्या मुलांना दरवर्षी शिकवायची. त्या रविवारी तो नेहमीसारखा आईकडे गेला होता. आईकडे नेट नव्हतं. परत येताना बसमध्ये बसला, आणि शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तरी हा खिडकीला डोकं टेकून बसूनच. कंडक्टरला वाटलं, झोप लागली. हृदय, डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. लॅपटॉप आईकडेच राहिला होता. विसरला असेल, असं सगळे म्हणाले, तीही म्हणाली. पुढे सासूबाईंनी, तो माझ्याकडेच राहू देत का, असं विचारलं तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. घरात डोळ्यांसमोर नको. आता तिथे नेट आलं असणार, कुणीतरी तो चालू केला असणार, आणि त्याने इमानेइतबारे, मालक असो वा नसो, राहिलेलं पोचतं केलं. एवढं सगळं तिने तिथल्या तिथे जुळवलं. तिचा धंदाच तो. पण जुळल्यावर धक्का ओसरायच्या ऐवजी खरा तेव्हा बसला, कारण मग बाकी उरले ते दोन शब्द. वेगळं केलं. खोडी नाही, चेष्टा नाही. काय वेगळं केलं? कुणापासून?

शेजारच्या टेबलावरचा टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा, खुर्ची सरकवत आला. त्याला सगळं ऑफिस शंकासुर म्हणतं, कारण दोन अधिक दोन चार हेही तो स्वतः करून बघितल्याशिवाय मान्य करत नाही. "काय गं, चेहरा का असा पांढराफटक?" त्याने विचारलं. "सेटिंग गेलं," ती म्हणाली. "बघू," म्हणत तो वाकला, चष्मा कपाळावर चढवून ओठांतल्या ओठांत वाचू लागला. त्याच्या श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता आणि तिला तो एकदम सहन होईना. "गेलं नाहीये," तो म्हणाला. "सामाईक फाइल रिकामी केलीय फक्त. त्यातलं सगळं दोन नव्या फायलींत हलवलंय. एक ह्या पाहुण्याची, एक तुझी. आता प्रत्येक कॉम्प्युटरला एकदाच सांगायचं, बाबा रे, तू अमक्याचा. मग चालेल मस्त." ती म्हणाली, "चुकून झालं असेल ना हे? म्हणजे कुणी काहीतरी करून बघत असेल, अर्धवट?" शंकासुर हसला. "चुकून? माझा जन्म चुका बघण्यात गेला. चुकून इतकं नीट होत नाही. हे कुणीतरी अख्खा दिवस बसून, जीव लावून केलंय. पाहुणा कोण?" "घरचाच आहे," ती म्हणाली. "मग विचार की त्याला," असं म्हणून तो आपल्या जागेवर गेला.

तिने स्वतःची फाइल उघडली. फाइल लांब होती आणि खरोखरच नीट होती. तिची दोन अक्षरं पहिल्याच ओळीत. तिच्या सगळ्या कळा, अगदी ज्या तिने एकदाच केल्या आणि पुढे विसरून गेली त्यासुद्धा, गोळा करून, जागच्या जागी लावून. पाटीचा रंग मात्र निळा नव्हता. फिकट होता, मळकट पांढरा, आणि वर तपकिरी अक्षरं. ती बघत राहिली. हा रंग तिचा लग्नाआधीचा. फाइल एक केली तेव्हा त्याला गडद हवा होता, तिला फिकट. त्याचे डोळे दुखतात म्हणून तिने सोडून दिलं, आणि नंतर आपल्याला फिकट आवडत होतं हेही ती विसरली. तो विसरला नव्हता. आणि कर्सर. तो टिमटिमणारा कर्सर तिला कधीच आवडला नाही, ती पूर्वी म्हणायची, बंद कर रे ती टिमटिम, डोकं उठतं. तो म्हणायचा, फाइल एक आहे, मला तो हवाच. इथे तिच्या फायलीत तो शांत केला होता, स्थिर. दुसरं बिऱ्हाड थाटून द्यावं आणि त्यात भांडीकुंडी घासूनपुसून मांडून ठेवावी, तसं त्याने तिला सगळं करून दिलं होतं. कुणी एखाद्यावर चिडून असं करत नाही. चिडलेला माणूस दार आपटतो, फायली पुसतो. हा इतका प्रेमाने निघाला होता? की निघालाच नव्हता? नवी नोकरी मिळत असेल त्याला, तिथे बाहेरच्या फायली चालत नसतील, हो, असतं असं, कित्येक कंपन्यांत असतं. तिने ह्या विचाराला घट्ट धरलं. मग आठवलं, नोकरी बदलायची असती तर तिला माहीत असतं. असतं का? शेवटी शेवटी तो बोलायचा काय? 'दूध संपलंय,' असं टिपेत यायचं, ती येताना दूध आणायची. 'आज उशीर.' 'गॅसवाला येऊन गेला.' संध्याकाळी दोघं दोन टेबलांवर बसायची, दोन्ही पडद्यांवर तोच निळा उजेड, तोच कळांचा टकटकाट, कधी ती त्याच्या टेबलावर बसली काय आणि तो तिच्या बसला काय, फरक पडत नव्हता. नणंद यायची तेव्हा म्हणायची, वहिनी, तुमच्याकडे कधी वरचा आवाज म्हणून ऐकला नाही, आमच्याकडे बघा, रोजचा आखाडा! आणि तिला मनातून केवढा अभिमान वाटायचा. त्या शेवटच्या रविवारी तो निघताना ती काय करत होती? कपडे वाळत घालत होती. तो म्हणाला, येतो. तिने मान हलवली असेल. तिने मान हलवली का, हेच तिला आठवेना.

साहेबांना डोकं दुखतंय सांगून ती खाली आली आणि टॅक्सीत बसली. बसने ती त्या दिवसापासून जात नाही. टॅक्सीवाला गप्पिष्ट होता, रस्ता कुठे कुठे खणलाय त्याचं पुराण सांगत होता, ती हो हो म्हणत होती, आणि आत एक संताप वर येत होता ज्याचं तिला स्वतःलाच भय वाटलं. अरे, वर्षभर मी तुझ्या नावाने रडले! लोक भेटायला आले, माझे हात हातात घेऊन म्हणाले, काय जोडा होता तुमचा, दृष्ट लागली. आणि मी खाली मान घालून ते सगळं घेतलं. ते माझं नव्हतंच का? तू जात होतास तर सांगून जायचं होतंस. भांडायचं होतंस. हे काय, एखाद्या कारकुनासारखं, विभागणी करून, टीप टाकून? मग तिला वाटलं, आपण किती दुष्ट आहोत, मेलेल्या माणसावर ओरडतोय, नुसत्या रंगावरून नि कर्सरवरून. काहीही नसेल. सासूबाई सांगतील. त्या म्हणतील, अगं नोकरी बदलणार होता, तुला चकित करायचं होतं त्याला. हे वाक्य तिने त्यांच्या आवाजात मनात म्हणून बघितलं. बरं वाटलं. टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, उतरायचंय ना? कधीची थांबलीय गाडी."

सासूबाईंचं दार उघडंच होतं. त्या लोकांचे कपडे आखूड करून, आवळून, उसवून पुन्हा शिवून देण्याचं काम करतात. पुढची खोली म्हणजे नुसते झगे आणि विजारी. तोंडात टाचण्या धरून त्या एका कोटाची बाही लावत होत्या. कडेला इस्त्रीच्या टेबलावर पाहुणा उघडा होता, मागून एक तार खोचलेली, आणि त्याचा निळा पडदा उजळलेला होता. तो निळा बघून ती चपला काढायची विसरली. "अगंबाई, तू? ह्या वेळी?" सासूबाई टाचण्यांतून म्हणाल्या. "बरं आहे ना सगळं?" "आई, तुम्ही लॅपटॉप चालू केलात?" "मी? मी तर दर आठवड्याला करते. बंद मशीन जाम होतं गं. शिलाई मशीनसुद्धा काम नसलं तरी मी दोन फेरे मारून ठेवते. मला काय कळतंय त्यातलं, आपला दिवा लागलेला बघायचा आणि मिटून ठेवायचं. काल ते नेटवाले आले, तुझ्या नणंदेने हट्टच धरला, आईचं तोंड बघायचंय रोज म्हणे. तो पोरगा म्हणाला, आजी, ह्यालापण जोडून देऊ का, म्हटलं दे बाबा. काही बिघडलं का? मी एक कळ दाबलेली नाही, तुझी शपथ." ती म्हणाली, "त्या रविवारी तो इथे काय करत होता?"

सासूबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. "त्याच्यावरच बसला होता," त्या म्हणाल्या. "दिवसभर. जेवायलाही उठला नाही." "आणि?" "आणि काय." "आई, तुम्हाला माझी शपथ." सासूबाईंनी कोट बाजूला ठेवला, त्याच्यावरचा दोरा झटकला, पुन्हा झटकला. मग कोटाकडे बघतच म्हणाल्या, "त्याने आतली खोली मागितली." "कुणासाठी?" तिने विचारलं. असं कसं विचारलं, तिला कळलं नाही. "स्वतःसाठी गं. म्हणाला, थोडे दिवस इथे येऊन राहतो. मी आई आहे त्याची, थोडे दिवस म्हणजे किती ते मला कळतं. मी नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं, बायकोला न सांगता ह्या घरात राहायचं नाही. आधी जा, तिच्याशी बोल, मग काय ते बघू. तो उठेना, आपला टाइप करतोय, टाइप करतोय. मग मी ते डबडं काढून घेतलं त्याच्या हातातून. म्हटलं, हे राहू दे इथे, नाहीतर तिथेही ह्यातच तोंड घालून बसशील. आज तिच्या तोंडाकडे बघून बोल. आणि मग गेला तो. चिडून नाही गेला. बरं आई, म्हणाला." त्यांनी कोट पुन्हा उचलून मांडीवर घेतला. "मी घालवला गं त्याला. इथे पडू दिला असता आतल्या खोलीत तर डॉक्टर तरी बोलावला असता मी. वर्षभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. तू यायचीस, वाटायचं, सांगून टाकावं हिला. मग वाटायचं, आता ते काय उकरायचं, निदान तिला तेवढं तरी राहू दे."

ती खाली बसली. कुणाच्या तरी विजारीवरच बसली. म्हणजे खरं होतं. रंग खरा होता, कर्सर खरा होता, दोन शब्द खरे होते. तो जात होता. आणि त्या बसमध्ये तो तिच्याकडे येत होता, हेही खरं होतं. येत होता ते सांगायला, तोंडाकडे बघून. खिडकीला डोकं टेकून तो काय जुळवत असेल, पहिलं वाक्य कुठलं? तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसती थंडी वाजत होती, भर दुपारी. सासूबाई उठल्या, पाणी आणलं, तिच्या हातात भांडं देऊन शेजारी जमिनीवर टेकल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी टेकल्या. "प्यायचं थोडं," त्या म्हणाल्या. ती प्यायली. बाहेर कुणीतरी विजार झाली का म्हणून विचारायला आलं, त्यांनी हातानेच नंतर म्हणून सांगितलं.

"एक विचारू?" सासूबाई म्हणाल्या. "रागावू नकोस. मी त्याला काही विचारलं नाही. म्हटलं, नवराबायकोचं असतं काहीतरी, आपण कशाला नाक खुपसा. पण वर्षभर डोक्यात भुंगा आहे. काय झालं होतं गं तुमच्यात?" ती सांगायला गेली. काहीतरी असणारच. तिने मागे मागे जाऊन बघितलं, एकेक वर्ष, एकेक घर, एकेक संध्याकाळ. एखादं भांडण. एखादा लागलेला शब्द. दुसरी कुणी, दुसरा कुणी, एखादा खोटेपणा, एखादी आदळलेली वस्तू, काहीही, ज्याच्यावर बोट ठेवून म्हणता येईल, आई, हे झालं. सासूबाई वाट बघत होत्या, मान जरा पुढे काढून, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. "काही नाही, आई," ती म्हणाली. "असं कसं? मी बाजू घेणार नाही कुणाची. खरं सांग." "खरं सांगते. आमच्यात काहीच झालं नव्हतं. कितीतरी वर्षं." सासूबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, तो थांबला. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघता बघता, आपण आत्ता त्यांना कारणच सांगितलं, हे तिला कळलं.